कोरडा पायथा

भाताच्या बांधाला खेकड्याने भोक पाडलं, की तलासरीजवळच्या त्या पाड्यात एकाच माणसाला हाक जायची. लाहूला! चिकणमातीचा गोळा कोंबायचा, वर टाचेचा दणका, की पाणी बंद. साठीच्या लाहूला आपल्या या हातगुणाचा भारी तोरा. तोच एकदा अंगाशी आला.

पाड्याच्या डोक्यावर मातीचं जुनं धरण. लहानसंच, पण पंचेचाळीस वर्षं गावाला पाणी पाजणारं. पायथ्याशी बारमाही निवळ पाझर. दोन हजार सोळाच्या श्रावणात तलाव काठोकाठ भरला आणि पाझराचं पाणी चहासारखं गढूळ झालं. लाहूने काय केलं? नेहमीचंच. बारा गोळे कोंबले, टाच मारली आणि घरी जाऊन पोटभर जेवला.

तिसऱ्या दिवशी धरण तपासायला योगिता आली. डहाणूकडच्या आगर गावची पोर, इंजिनिअर म्हणून लागून वर्षही झालं नव्हतं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ती गवत सारत सगळा उतार फिरली आणि खाली उतरली. मागे अख्खा पाडा.

"बघा मॅडम, ठणठणीत कोरडं!" शेजारचा बाबल्या म्हणाला.

तिचा चेहराच उतरला. "तलाव भरलाय आणि पायथा कोरडा? रोजचं पाणी गेलं कुठे?"

लाहूला एकदम उमगलं. बाहेर यायला वाट नाही म्हणजे पाणी आत मातीच खात बसलं असणार! सांगावं तर चारचौघांत नाक कापलं जाणार. न सांगावं तर खाली त्याच्याच घरात सून रूपी आणि तिचं आठ दिवसांचं बाळ.

"बाय, मीच बुजवलं," तो म्हणाला. "पाणी गढूळ येत होतं."

ती ओरडली नाही. आधी हाताशी चार-पाच गडी ठेवून बाळ-बाळंतिणीसकट बाकी सगळ्यांना शाळेच्या टेकाडावर धाडलं. कालव्याचं दार उघडून तलाव उतरवायला घेतला. मग लाहूचे गोळे काढायला लावले, तसं गढूळ पाणी उसळलं. बाबल्या पुन्हा चिखल घेऊन धावला.

"नको! पाण्याला जाऊ द्या, माती तेवढी अडवा."

आधी रेती, वर खडी, वर दगड. पाट्या ती स्वतःही वाहत होती. लाहू बघतच राहिला. काय पोर म्हणावी ही! जन्मभर त्याने पाणी दाबून अडवलं आणि ही त्यालाच वाट करून देऊन धरण राखत होती. त्याने रेतीची पुढची पाटी डोक्यावर घेतली.

दुपार कलली आणि दगडांतून स्वच्छ पाणी झिरपू लागलं. तिने ते बाटलीत भरून उन्हात धरलं. तासाने पुन्हा धरलं. निवळच होतं. तेव्हा कुठे ती खाली बसली आणि वही काढून लिहू लागली.

लाहू समोर उकिडवा बसला. "माझं नाव घालशील ना, बाय?"

"घालावंच लागेल, काका."

"घाल. चूक माझीच."

तिने वाचून दाखवलं, "पाझर लाहू यांनी बुजवला. ते सगळ्यांसमोर लाहू यांनीच सांगितलं, म्हणून पाडा वाचला."

लाहूने खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला आणि चारचौघांत हमसून रडला.