एक बोट कमी

पुस्तकाचा कागदी पट्टा गेला त्या दिवसापासून भूपाल मगदूम सरांचं ते पुस्तक संपेनासं झालं. सकाळी शेवटचं म्हणून जे पान उलटावं, त्याच्यामागे संध्याकाळी आणखी एक पान असे आणि त्यावर काड्यापेटीएवढा कापडाचा नवा तुकडा नीट चिकटवलेला असे. सरांना याचं नवल वाटलं नाही. त्यांना राग आला. पट्टा असता तर पुस्तक मिटलेलं राहिलं असतं, एवढी साधी गोष्ट या घरात कुणाला कळत नव्हती.

कुणाला म्हणजे बायकोला, त्रिशलाबाईंना. घरात तिसरं माणूस नव्हतं.

सर इचलकरंजीच्या एका विणकाम शाळेत डिझाइन शिकवून निवृत्त झाले होते. जपानी मागांच्या माहितीपुस्तिका वाचता वाचता त्यांना ती भाषा आली. पुढे मागांचं वेड ओसरलं आणि पुस्तकांचं लागलं. जपानी कलेची जुनी, आता कुणी छापत नाही अशी पुस्तकं ते गोळा करत: कंगव्यांवरची, छत्र्यांवरची, चहाच्या खोल्यांवरची, गाठी मारायच्या पद्धतींवरची. वाचत मात्र फारशी नसत. पुस्तक उघडलं की त्याच्या पाठीला सुरकुती पडते, असं त्यांचं म्हणणं. हात धुवून, पुसून, खोक्यातून अर्धवट बाहेर काढून बघायचं आणि परत आत सरकवायचं, एवढाच त्यांचा संसार.

या पुस्तकांना पुठ्ठ्याचं खोकं असतं आणि पुस्तकाच्या कमरेला चार बोटं रुंदीचा कागदी पट्टा असतो. पट्ट्यावर प्रकाशकाने आपल्याच पुस्तकाची दोन ओळी तारीफ केलेली असते. जपानातसुद्धा कित्येक लोक तो पहिल्याच दिवशी टाकून देतात. म्हणूनच पट्टा जपलेलं पुस्तक संग्राहकाला हवं असतं. पट्ट्याविना पुस्तक म्हणजे हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

हे पुस्तक खेड्यातल्या विणकरांच्या रेघारेघांच्या कापडांचं होतं. प्रत्येक पानावर खऱ्या कापडाचा तुकडा आणि खाली बारीक अक्षरात कापडाचं गाव आणि वापर. सरांचे केस काळे होते तेव्हापासून ते त्याच्या मागावर होते. अखेर टोकियोच्या एका जुन्या दुकानदाराकडे ते निघालं, खोकं, पुस्तक, पट्टा, सगळं धड. पार्सल आलं तेव्हा सरांनी टेबलावर इस्त्रीचं धोतर अंथरलं, त्यावर ते ठेवलं आणि दुपारपर्यंत नुसतं पाहत बसले. मग वर गुंडाळायला पातळ कागद आणायला ते बाजारात गेले. परत आले तर पुस्तक मधोमध उघडं पडलेलं.

"पट्टा कुठाय?"

"काढला की," त्रिशलाबाई म्हणाल्या.

"काढला?"

"दुकानाचा पट्टा घरात कोण ठेवतंय? वस्तू आपली झाली. घडी मोडली मी."

त्रिशलाबाईंचं माहेर निपाणीचं, घरचं कापडदुकान. दुकानात साडीला कागदी पट्टा असेतोवर ती दुकानाची. सौदा झाला की त्यांचे वडील पट्ट्याखाली बोट घालत, एका झटक्यात फाडत आणि साडी गिऱ्हाईकाच्या हातात ठेवत. मग घरी त्या साडीची घडी मोडायला कुणीतरी जिव्हाळ्याचं बोलवायचं, तो मान असे. नवऱ्याने जन्मभर धुंडाळलेली वस्तू घरी आली म्हणून त्यांनी तो मान आपल्याकडे घेतला होता. सरांच्या लेखी सगळं मुसळ केरात गेलं होतं आणि केर घेऊन घंटागाडी केव्हाच पुढच्या गल्लीत गेली होती.

त्याच संध्याकाळी पहिलं नवं पान आलं. त्यावरचा निळ्यापांढऱ्या रेघांचा तुकडा सरांना ओळखीचा वाटला. कपाटात घडी घालून ठेवलेला त्यांचाच पंचा होता. उलगडून पाहिला तर मधोमध काड्यापेटीएवढी खिडकी, कडा अगदी स्वच्छ. पानाखाली छापलं होतं: इचलकरंजी. पुरुषाचा. आंघोळीनंतर.

दुसऱ्या दिवशी घडीचा पलंगपोस गेला, मग धुवून ठेवलेले पडदे, मग सरांची निरोपसमारंभातली शाल. शालीच्या पानाखाली छापलं होतं: सत्काराची. एकदाच अंगावर. हे खरं होतं.

तुकड्यांचं दुःख त्यांना नव्हतंच. पुस्तक जाड होत चाललं होतं आणि खोक्यात बसत नव्हतं, हा त्यांचा त्रास. कंगव्यांच्या पुस्तकाचा पट्टा काढून त्यांनी लावून पाहिला. एक बोट कमी पडला. छत्र्यांच्या पुस्तकाचा त्याहून लांब होता. तोही एक बोट कमी. सगळे पट्टे लावून झाले. छोटे असोत की मोठे, सगळे एकच बोट कमी पडत होते आणि त्या बोटाने सर हैराण झाले. त्यांनी टोकियोला फोन लावला.

"सुटा पट्टा मिळेल का?"

"मिळेल," दुकानदार अदबीने म्हणाला. "जाडी सांगा."

सरांनी मोजून सांगितली.

"ही आजची झाली. पट्टा पोचेल त्या दिवशीची सांगा."

"ती मला आज कशी कळणार?"

"बाकीचे ग्राहक सांगतात," दुकानदार म्हणाला.

सरांनी अंदाजाने सांगितली. पट्टा आला, एक बोट कमी होता. पुढच्या वेळी त्यांनी चांगली ऐसपैस जाडी सांगितली. टपालाला उशीर झाला आणि तोही एक बोट कमीच पडला. पार्सलं येत राहिली. पोस्टमन दरवेळी पाकीट हातात तोलून बघायचा.

"सर, लई हलकं हाय. आत काय हाय का न्हाई?"

"आहे," सर म्हणायचे आणि दार लावून घ्यायचे.

टेबल मोडलं तेव्हा पुस्तक जमिनीवर आलं. कंगवे, छत्र्या आणि चहाच्या खोल्या बाहेर सोप्यात गेल्या. पुस्तकाची वरची बाजू खिडकीच्या वर पोचली आणि बाहेरच्या मागांचा खडखडाट घरात येईनासा झाला. स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत जायला आता अंग चोरून, भिंतीला पाठ लावून सरकावं लागे. त्रिशलाबाई तशाच सरकत ताट आणून देत. भिंत आणि पुस्तक यांच्यामधल्या जागेत सर मांडी घालून बसत, कारण पाय पसरायला तिथे जागा नव्हती. रात्री ते तसेच झोपत.

एकदा ताट ठेवून त्रिशलाबाई गेल्या नाहीत.

"माझ्या शालूला खिडकी पडली आज," त्या म्हणाल्या. "ट्रंकेत आता आईची इरकल तेवढी राहिली."

त्या इरकलीचं सरांना ठाऊक होतं. निपाणीच्या दुकानातली ती शेवटची साडी. त्रिशलाबाईंच्या आईने लेकीसाठी बाजूला काढली होती आणि पहिली घडी मी मोडीन, मग तुला देईन, असं म्हणून उशाशी ठेवली होती. घडी मोडायच्या आधीच आई गेली. साडीवर दुकानाचा पट्टा अजून तसाच होता. दुनियेचे पट्टे फाडणाऱ्या त्रिशलाबाईंना तेवढा एक फाडता आला नव्हता.

"नवी पानं फाडून टाका," त्या म्हणाल्या.

"पान फाडायचं? एक पान गेलं की पुस्तक संपलं."

"संपावं म्हणूनच म्हणते की."

"पट्टा वाटेत आहे. या खेपेला बरोबर बसेल."

"आणि इरकल?"

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पुस्तकाच्या तळाशी एक पान किंचित दुमडलं होतं, ते सरळ करण्यात ते गुंतले होते. त्रिशलाबाईंना रडू आलं नाही, संताप आला. इतक्या वर्षांत या माणसाने आपल्याकडे खोक्यातून अर्धवट बाहेर काढूनच पाहिलं, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते त्या बोलूनही गेल्या. सर म्हणाले, "हळू बोल, पानं हलतात."

त्या उठल्या. भिंतीला पाठ लावून सरकत ट्रंकेपर्यंत गेल्या.

"अंगावरच्या कापडाला ते पुस्तक हात लावत न्हाई," पलीकडून त्यांचा आवाज आला. "इतके दिवस बघतेय मी. घडीचंच घेतंय."

मग कागद फाटल्याचा आवाज आला. आवाज छोटासाच होता, पण सरांनी पुस्तकाची पानं चाचपून पाहिली. थोड्या वेळाने त्रिशलाबाई इरकल नेसून पुढे आल्या. काळी साडी, लाल पदर, आणि कुठेही खिडकी नाही. घड्यांच्या जागी आडव्याउभ्या रेघा उमटल्या होत्या, त्या त्यांनी तळहाताने दाबल्या. त्यानंतर त्यांनी घरातलं घडीचं एकेक कापड उलगडलं. चादरी, पंचे, शालू, सत्काराची शाल, सगळं दोऱ्यांवर टाकलं, आणि खिडक्याखिडक्यांतून उजेड आत आला.

त्या संध्याकाळी कापडाचा तुकडा आला नाही. पान मात्र आलं. त्यावर काड्यापेटीएवढा चौकोन होता, त्यात खळ अजून ओली होती, आणि खाली काही छापलेलं नव्हतं.

सरांना आनंद झाला. पुस्तक जाड व्हायचं थांबलं होतं, म्हणजे आता माप चुकणार नव्हतं. त्रिशलाबाई म्हणाल्या, "बाहेर या. सोप्यात जेवू." सर म्हणाले, "पट्टा येऊ दे."

सकाळी पोस्टमन आला. "आज वजनदार हाय," तो म्हणाला. पाकीट त्याने फटीतून आत सरकवलं.

सरांनी हात पुसून ते उघडलं. पट्टा आतमध्ये गोल उभा होता, नुकताच कशावरून तरी काढल्यासारखा. त्यांनी तो पुस्तकाला लावला. एक बोट कमी पडला. पुन्हा लावला, पुन्हा एक बोट कमी. त्यांनी डोळे मिटले. इतका वैताग त्यांना जन्मात आला नव्हता. पट्टा मांडीवर टाकून ते बसले आणि डोळे उघडले तेव्हा तो त्यांच्या कमरेभोवती होता, घडी घातलेल्या गुडघ्यांसकट. सैल नाही, घट्ट नाही. टोकं पाठीमागे कुठे जुळली ते दिसत नव्हतं. त्यांनी मान वाकवून पट्ट्यावरची अक्षरं वाचली.

भूपाल मगदूम. इचलकरंजी. घडी न मोडलेला. उत्तम स्थितीत.

कितीतरी दिवसांनी सरांना बरं वाटलं.

त्रिशलाबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी पाहिलं, कप खाली ठेवला आणि इरकलीचा पदर खोचून त्या त्यांच्यासमोर बसल्या.

"पाय मोकळे करा."

"होत नाहीत."

"टोक कुठाय ह्याचं?"

"फाडू नको," सर म्हणाले. "बरोबर बसलाय."

पाठीमागे पुस्तकाचं ते ओलं पान हळूच वर उचललं गेलं. त्रिशलाबाईंनी तिकडे पाहिलं नाही. वडिलांसारखं त्यांनी पट्ट्याच्या कडेला बोट लावलं आणि आत शिरायला कुठे बोटभर जागा मिळते का ते चाचपत, कडेकडेने, त्या ते फिरवत राहिल्या.