बत्तीस झाडांचा ताण

मंगळवारी माझं विमान होतं आणि रविवारी सकाळी बाबांनी जाहीर केलं, की आज एस्नातबाईशी फोनवर बोलायचं, आणि तेही तोंड दिसलं पाहिजे. मी चहाचा कप खाली ठेवला.

एस्नात म्हणजे मलावीतल्या एका खेड्यातली बाई. तिच्या घरामागच्या खोलीत मी दीड वर्ष राहत होते. फळझाडं कशी सांभाळायची ते शिकवायला मी तिथे स्वयंसेवक म्हणून गेले होते. मोर्शीच्या संत्रेवाल्याची मुलगी म्हणून माझी निवड झाली, आणि ही गोष्ट मी तिथे रोज कोणाला ना कोणाला ऐकवायची. शहाणपण नुसतं उतू चाललं होतं माझं.

एस्नातची बत्तीस झाडं होती, संत्र्याचीच. ती नदीवरून बादलीनं पाणी आणून घालायची. गेल्या सप्टेंबरात मी तिला ते बंद करायला सांगितलं. आमच्याकडे बहार धरायचा असला की झाडाला ताण देतात. पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, मग पाणी सोडलं की फांद्या फुलांनी भरतात. बाबांना फोन करून विचारलंही होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "जमीन कशी हाय? खोदून पायलं का?"

"पायलं. काळी हाय, आपल्यासारखी," मी म्हणाले.

खोदलं नव्हतं. वरची माती काळी दिसली, मला तेवढं पुरलं. एस्नात म्हणाली होती, हा काळेपणा दरवर्षी जाळलेल्या गवताच्या राखेचा आहे, खाली वाळू आहे, पाण्याशिवाय ही झाडं दोन आठवडे काढणार नाहीत. मी हसले आणि तिला चाळीस दिवस सांगितले.

चोविसाव्या दिवशी पानं गळून गेली. मग आम्ही दोघींनी धावत पळत पाणी घातलं, पण एकवीस झाडं वाळली ती वाळलीच. एस्नात मला एक शब्द बोलली नाही. भाकरतुकडा वेळेवर देत राहिली, आणि मला ते शिवी खाण्यापेक्षा जड गेलं. बाबांनी फोनवर विचारलं तेव्हा मी म्हणाले, "मस्त फुटला बहार." त्यांनी ते गावभर सांगितलं. महिनाभराच्या सुटीवर घरी आले, तर लोक मला थांबवून विचारत होते. मी परत जाणारच नव्हते. विमान चुकवायचं आणि काहीतरी कारण सांगायचं, असं मनात पक्कं केलं होतं.

घरात रेंज नाही, म्हणून आम्ही वावरात बांधावर गेलो. शेजारचे गोवर्धनकाकाही आले. आमच्या बगीच्यालाही तेव्हा ताण दिलेला होता, पानं खाली मान घालून होती. बाबांनी टोपी नीट केली. मी मनातल्या मनात म्हणत होते, फोन लागू नये.

तो लगेच लागला. एस्नातनं बाबांना पाहून, तिकडच्या रीतीप्रमाणे किंचित वाकून हलक्या टाळ्या वाजवल्या. तिची भाषा मी मोडकीतोडकी शिकले होते, त्यामुळे दोघांच्या मध्ये मीच.

"तिले म्हण, तुमी माह्या पोरीले संबायलं, लय उपकार झाले."

हे मी नीट सांगितलं. ती म्हणाली, तुमची मुलगी कामाला वाघ आहे. तेही सांगितलं.

"आता इचार, झाडं कशी हायत? दाखव म्हणा."

मी एस्नातला विचारलं, तुझी मुलं कशी आहेत. ती मुलांबद्दल बोलू लागली आणि मी बाबांना म्हणाले, "झाडं मजेत हायत, पण फोन घेऊन तिकडं जाता येत नाई तिले."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पडद्यावर एस्नात हातानं पोरांची उंची दाखवत होती. "झाडं एवढीच राह्यली काय?" ते म्हणाले. गोवर्धनकाका हसले, बाबा हसले नाहीत.

तेवढ्यात कुठलंसं पोर ओरडलं, एस्नात वळली आणि तिच्या हातातला फोनही वळला. तिकडे पावसाळा होता, सगळं हिरवंगार, आणि त्यात वाळक्या काड्यांच्या तीन रांगा, त्यांच्यामागे थोडी हिरवी झाडं. संत्रेवाल्याला याचं भाषांतर लागत नाही.

बाबा पडद्यावर वाकले. "कधी झालं?"

"ऑक्टोबरात. मी खोदून पायलंच नव्हतं, बाबा. खाली वाळू होती." मला रडू आलं, पण ते रडणं माझ्यासाठीच होतं, झाडांसाठी नव्हतं, हेही मला कळत होतं.

"अन् मांगची ती हिरवी कशी वाचली? इचार तिले."

हे मी कधी विचारलंच नव्हतं. एस्नातनं खाली बघत सांगितलं, तू शाळेत शिकवायला गेलीस की भांड्यांचं पाणी मी त्या अकरा झाडांना घालायची. तुला कळलं असतं तर वाईट वाटलं असतं.

मी ते जसंच्या तसं सांगितलं. स्वतःच्याच झाडांना ती माझ्यापासून चोरून पाणी घालत होती.

गोवर्धनकाका गुपचूप बांधावरून निघून गेले. बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "माह्याशी लबाड बोलली ते आपण घरी पाहू. तिनं तुले सांगतलं होतं ना वाळू हाय म्हणून? मंग काहून नाई आयकलं?"

"मले वाटलं..."

"वाटलं नको सांगू. काहून?"

उत्तर मला ऑक्टोबरपासून माहीत होतं. "ती गरीब होती म्हणून. बादलीनं पाणी घालणारी बाई मले काय शिकवणार, असं होतं माह्या मनात."

"हे मले काहून सांगतं? तिले सांग."

एस्नात विचारत होती, तुझे वडील काय म्हणाले? माझ्याकडे त्या भाषेतले शब्द थोडे होते आणि त्यांच्यात गोड करून सांगायची सोय नव्हती. मी म्हणाले, "मी तुझं ऐकलं नाही, कारण तू गरीब आहेस."

तिनं फोन तोंडाजवळ धरला.

"ते मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "तुला कधी कळतं, ते बघत होते." मग तिनं माझ्यामागे दिसणाऱ्या आमच्या झाडांकडे जरा निरखून पाहिलं. "पाऊस आहे तोवर एकवीस खड्डे खोदायचे आहेत. बुधवारी पोचतेस ना?"