नवं माप

“वन्सं, तुम्ही नका येऊ पाण्यात,” काठ घट्ट धरून ती म्हणाली. पण नणंदबाई अंगावरच्या कपड्यांनिशी दुसऱ्या पायरीवर पोचल्याही होत्या.

तलावाच्या मधोमध फोमचा एक तुकडा ऐटीत तरंगत होता. कोटाच्या खांद्यात भरतात, तसला. जन्मभर लोकांचे कपडे शिवले आणि पोहण्याचा पोशाख विकत आणायचा, हे काही तिला पटेना. तिने तो घरीच शिवला आणि सवयीने जुन्याच मापावर बेतला. छातीची उजवी बाजू आता सपाट झाली होती; तिथे आतून खिसा लावून तिने फोम भरला. फोम तरंगतो, हे एवढ्या नावाजलेल्या शिंपिणीच्या डोक्यातच आलं नाही. पहिल्याच डुबकीला तो गळ्यातून बाहेर पडला आणि निघाला फिरायला.

कॅन्सरचं ऑपरेशन झालं, किरणं देऊन झाली, जखमही भरली. पण उजवा हात काही खांद्याच्या वर जाईना. बेतायच्या टेबलाचं पलीकडचं टोक गाठता येईना, म्हणून दुकानाला कुलूप लागलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी डॉक्टरांना विचारून पोहायला सुचवलं. पाणीच हात उचलून धरेल, म्हणाल्या. ते तिला पटलं होतं, पण चार बायकांसमोर पाण्यात उतरायचा धीर होत नव्हता. शेवटी हाताला धरून आणलं ते वन्संनी. लग्न झाल्यापासून दोघींमधून विस्तव जात नव्हता.

त्याच वन्सं आता, पोहण्याचा गंध नसताना, छातीभर पाण्यात उभ्या होत्या. एका पोहणारीने तुकडा त्यांच्याकडे ढकलला. त्यांनी तो पकडला, नीट पिळला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, “तुझ्यापेक्षा हाच बरा पोहतो.”

ती हसली, पोट दुखेपर्यंत हसली. सगळ्यांनी पाहिलंच होतं, आता लपवायचं काय? तिने काठ सोडला आणि उताणी झाली. उजवा हात हळूहळू डोक्याकडे सरकला. दुखला, पण सरकला. पाठीखाली वन्संचा तळवा होता. एवढ्या मायेच्या बाईशी आपण इतकी वर्षं भांडत बसलो, असं तिच्या मनात आलं.

मग तलावावर दोघी नेमाने जाऊ लागल्या. थंडी सरता सरता दुकान उघडलं. पहिलं काम घरचंच होतं : नवा पोशाख, बिनखिशाचा. तिने टेप वन्संच्या हातात दिली आणि कुठून कुठे धरायची ते समजावलं. गिऱ्हाइकाला ती नेहमी म्हणायची, तेच आज वन्सं म्हणाल्या, “हात वर कर.”

तिने दोन्ही हात वर केले. टेप वन्संच्या हातात तशीच राहिली.

“घ्या ना माप, वन्सं.”

“घेते गं. जरा बघू तर दे.”

ती हात वर करून उभी राहिली.