आरसा तपासण्याचे सव्वीस दिवस

त्या सोमवारी बाबा प्रयोगशाळेत तोंड उघडून बसले होते आणि लेक त्यांना सारखी सांगत होती, हसू नका, चित्र हलतं. नव्या यंत्राच्या चाचणीसाठी निरोगी तोंडं हवी होती. शिंपीकाम सोडून घरी बसलेले बाबा आनंदानं तयार झाले होते. "चाळीस वर्षं तुझी आई मला तोंड बंद ठेवायला सांगतेय," ते म्हणाले, "उघडा म्हणणारं कुणीतरी भेटलं."

तिचं काम आरशांचं. पेनासारख्या दांडीच्या टोकाशी मोहरीएवढा आरसा झुलायचा, त्याच्यासोबत प्रकाश गालाच्या आतून फिरायचा आणि कातडीखालचे थर पडद्यावर एकाखाली एक उमटायचे. आरसा मध्येच अडकला, की थर एकमेकांत मिसळायचे. बाबांच्या डाव्या गालात, दाढेजवळ, ते मिसळलेले दिसले. "आरसा अडकतोय," ती सवयीनं म्हणाली. बाबांनी जबडा चोळला, तिच्या कोटाची उसवलेली शिवण ओढून पाहिली, घरी आण, घालून देतो, म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी तिनं आरसा काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. व्यवस्थित झुलत होता.

म्हणजे थर बाबांच्या गालातच मिसळलेले होते. तिनं फोन हातात घेतला, परत ठेवला. उगाच घाबरवायचं कशाला, आधी खात्री करू. मग तिनं तारा तपासल्या, वीजपुरवठा तपासला, भिंग पुसलं. दांडी स्वतःच्या गालाला लावली. थर सरळ आले. दहा वेळा लावली, दहाही वेळा सरळ. रोज संध्याकाळी घरी फोन करून ती आडून आडून विचारायची, जेवण जातंय ना, तिखट झोंबतं का. झोंबतं ते तुझ्या आईचं बोलणं, बाबा म्हणायचे. ती हसायची, आणि आणखी एक दिवस ढकलला जायचा.

सव्वीस दिवसांनी तिनं त्यांना डॉक्टरांकडे नेलं. "त्या दिवशी यंत्र बिघडलं होतं, म्हणून एकदा दाखवून घेऊ," एवढंच त्यांना सांगितलं. गालातला कर्करोग मानेतल्या गाठींपर्यंत पोचला होता. शस्त्रक्रिया झाली, आणि सात महिन्यांनी बाबा गेले. सव्वीस दिवस आधी आणलं असतं तर काही फरक पडला असता का, हे तिनं डॉक्टरांना कधी विचारलं नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई तेच सांगायची: हिच्या यंत्रात तेव्हाच दिसलं असतं, पण नेमका आरसा बिघडलेला, नाहीतर हिनं धरलंच असतं. अशा वेळी लेक पाणी आणायला म्हणून आत जायची आणि नळ सोडून उभी राहायची. आज मावशी आली होती. सगळं ऐकून तिनं भाचीच्या पाठीवरून हात फिरवला. हिला किती लागलं असेल गं, म्हणाली.

लेक उठली नाही.

"आई, आरसा चांगला होता," ती म्हणाली. "मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मी बाबांना सांगितलं नाही."