कोशातलं उदाहरण

सकाळी दहाला कोशकारांनी चष्मा पुसला की त्यांच्या सुनेनं पेन उघडायचं, असा चार वर्षांचा शिरस्ता होता. त्यांचा मुलगा अपघातात गेला, त्याच्या दुसऱ्या महिन्यापासूनचा.

"कुठवर आलो?"

"'कोंडणे' झालं, बाबा. आता 'कोंडमारा'."

"लिही. कोंडणे अधिक मारणे. बाहेर पडायला वाट नसल्यानं होणारी जिवाची तगमग. गंमत बघ, कोंडणारा आणि मारणारा या शब्दात कुठं दिसतच नाही! उदाहरण सुचव. जिवंत हवं."

भाजी निवडणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "माझं घ्या की. 'नवरा कोशात शिरला आणि बायकोचा कोंडमारा झाला.'"

"छापलं तर लोक तुलाच हसतील," कोशकार हसले.

सून रसायनशास्त्राची पदवीधर. परगावच्या एका शाळेनं तिला प्रयोगशाळेत काम देऊ केलं होतं. होकार आज पाचपर्यंत कळवायचा होता. आठवड्यापूर्वीच तिनं ते पत्र सासऱ्यांच्या संमतीसाठी त्यांच्या टेबलावर ठेवलं होतं.

तिनं कार्डावर लिहिलं: 'विधवा सुनेला घरात सगळे जपत होते, तिचा कोंडमारा होत होता.'

कोशकारांनी ते वाचलं आणि त्यावर शांतपणे रेघ मारली. "कोशात घरचं आणू नये. लिही, 'उन्हाळ्यात बंद खोलीत जिवाचा कोंडमारा होतो.'"

"बाबा, त्या पत्राचं..."

"मी नकार कळवला त्यांना. जागा दुसऱ्या कुणाला दिल्याचं उत्तरही आलंय. एकटी बाई परगावी राहणार, लोक आपल्यालाच नावं ठेवतील. इथं काय कमी आहे तुला? तुझ्याशिवाय हा कोश पुरा व्हायचा नाही, बाळ."

त्यांचा आवाज खरोखरच भरून आला होता. म्हणूनच तिला ओरडता आलं नाही.

सासूबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. "निदान विचारायचं तरी तिला," त्या पुटपुटल्या.

"पुढचा शब्द?"

"कोंडवाडा." तिनं लिहिता लिहिताच अर्थ म्हटला, "मोकाट जनावरं मालक सोडवायला येईपर्यंत डांबून ठेवण्याची जागा." पेन थांबलं. "आणि मालक येणारच नसेल तर, बाबा?"

कोशकारांनी शेजारचे तीन जुने कोश उघडून पाहिले.

"कुणीच दिलेलं नाही," ते म्हणाले आणि त्यांनी पुढचं कोरं कार्ड तिच्यापुढे सरकवलं.