मी टेम्पररी

मी ‘टेम्पररी’ बोलतोय. उभ्याउभ्याच बोलतो, कारण बसायची मला सवय नाही.

माझा जन्म साहेबाच्या भाषेतला. नागपूरला आलो तो कचेऱ्यांमधून. तेव्हा मला सुखाची कामं होती. पावसाळ्यापुरता पूल, परीक्षेपुरती शेड, लग्नघरची वीज, असल्या वस्तूंना मला लावायचे. काम झालं की मी मोकळा. बायाबापड्यांनी मला ‘टेंपरवारी’ करून टाकलं, पण माझा अर्थ त्यांना पक्का ठाऊक होता. आला तसा जाणारा, तो मी.

मग नागपूरशेजारी हिंगण्याला कारखाने उभे राहिले आणि मला वस्तूंवरून उचलून माणसांना चिकटवलं. लहानूला मी असाच चिकटलो. इंदोऱ्याचा हा पोरगा लेथवर काम करायचा. काही महिने भरत आले की कंपनी त्याला चार दिवस घरी बसवायची. त्याला ‘ब्रेक’ म्हणत. पाचव्या दिवशी तोच लहानू, तेच मशीन, नवं कार्ड. पर्मनंट होण्याइतके दिवस कुणाचे सलग भरूच द्यायचे नाहीत, अशी ती युक्ती. मला त्याची लाज वाटायची, पण मला कोण विचारतो?

अठ्ठ्याहत्तर साली लहानू मुलगी पाहायला अजनीला गेला. बसमध्ये त्याची आई बायजाबाई बजावत होती, “कंपनीत हाय म्हणजो. पुढचं मी पाहून घेतो.”

मुलीचे वडील महादेवराव. चहा आला तसं त्यांनी विचारलंच, “पर्मनंट हा ना तुमी?”

लहानूनं कप तोंडाला लावला. मी त्याच्या घशात अडकलो, माझा जीव नुसता घुसमटला.

“कंपनीची बस घ्याले येते त्याले,” बायजाबाई म्हणाली.

महादेवराव खूश झाले. “आमची प्रेमिला बी दवाखान्यात नर्स हाय,” त्यांनी सांगितलं, आणि पोह्याची बशी घाईनं पुढे सरकवली. मी दचकलो. अरे, त्या बशीमागे पण मीच लपलो होतो की!

मी तळमळत होतो. आता काय ते बोला बाबांनो, म्हणजे मी सुटतो. शेवटी लहानूनं कप खाली ठेवला.

“मी टेम्पररी हावो. पुढच्या महिन्यात ब्रेक हाय.”

बायजाबाईनं कपाळाला हात लावला. महादेवरावांचा चेहरा उतरला. “मंग कसं जमन?” ते म्हणाले.

“बाबा, माह्यं बी सांगा ना,” आतल्या दारातून प्रेमिला म्हणाली. महादेवराव पोह्याची बशीच सारखी करत बसले, तेव्हा तीच बाहेर आली. “मी बी टेम्पररीच हावो. यायनं खरं सांगतलं. मले चालते.”

लग्न झालं. माझ्यामुळे कुणाचं काही जुळल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. वाटलं, दोघांनी मला एवढ्या हिमतीनं उच्चारलं, आता वर्षभरात मला निरोप मिळेल.

प्रेमिलानं मला झटकलं, ती पर्मनंट झाली. लहानूला मात्र ब्रेक लागतच राहिले. घरी बसायच्या दिवसांत तो सकाळी डबा नसतानाही बसच्या वेळेला उठून बसायचा. मी त्याच्याबरोबर खोलीत येरझारा घालायचो.

आता सत्त्याऐंशी साल चालू आहे. लहानूच्या कानशिलावर पांढरं आलंय. परवा ब्रेकमध्येच त्याच्या लेकीनं विचारलं, “बाबा, टेंपरवारी म्हणजे काय?”

“थोड्या दिवसांचं,” लहानू म्हणाला.

“मंग तुमी माह्या जलमाच्या आधीपासून काहून हा?”

लहानू तिची वेणी घालत होता. त्यानं ती सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.

साहेबाच्या भाषेत माझा अर्थ आजही तोच आहे म्हणतात. हिंगण्यात तो राहिला नाही. मी अजून चप्पल घालून या दारात उभा आहे. लोकहो, मी राहायला आलो नव्हतो. मला कुणीतरी आता जा म्हणा.