चिमणीचं नाव

मोठीला फोन आला तो सकाळी दहाच्या सुमाराला, आणि तोही आईचा नव्हे, धाकट्या बहिणीचा, चिमणीचा.

"ताई, आईचा कॉम्प्युटर अडलाय. काल अपडेट झाल्यापासून अॅडमिन पासवर्ड घेतच नाही म्हणते. मी शाळेत आहे, सहा तास लागोपाठ आहेत. तू जाशील का?"

म्हणजे आईनं आधी चिमणीला विचारलं. कॉम्प्युटर कुणी आणला? मोठीनं. त्यावर लिनक्स कुणी घातलं, पासवर्ड कुणी ठरवून दिला? मोठीनंच. कचेरीतले नव्वद कॉम्प्युटर सांभाळणारी लेक हाताशी असताना आई चित्रकलेच्या बाईंना विचारते! पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती निघाली.

आई दवाखान्यांतल्या परिचारिकांचे गणवेश बेतून देई. पुढच्या खोलीत कापायचं लांबलचक टेबल, मागच्या खोलीत कॉम्प्युटर आणि कपाटाएवढा रुंद प्रिंटर. त्यातून बाह्या, गळे, खिसे असे कागदी नमुने छापून निघत. अपडेटनंतर प्रिंटर मुका झाला होता. तो पुन्हा जोडायचा तर अॅडमिन पासवर्ड हवा, आणि तो टाकला की मशीन म्हणे, चूक.

"आता काय केलंस आई?" दारातूनच मोठी म्हणाली.

"काही नाही गं. होय म्हणाले आणि अपडेट होऊ दिलं. मीच पासवर्ड विसरले असेन, वय झालं."

मोठी खुर्चीत बसली. पासवर्ड तिला तोंडपाठ होता. तिनं टाकला. चूक. कॅप्स लॉक बघितलं, तो बंद होता. कीबोर्डची भाषा बदलली असेल म्हणून पासवर्ड दुसऱ्या एका खिडकीत उघडा टाइप करून पाहिला. अक्षरं बरोबर उमटत होती. मग तिनं पासवर्ड मागणारी ती चौकट नीट वाचली आणि तिचे हात थांबले.

चौकटीत नाव आईचं नव्हतंच. तिथं लिहिलं होतं : चिमणी.

मशीन बिघडलं नव्हतं, आईही विसरली नव्हती. या कॉम्प्युटरला दोन मालकिणी होत्या. आजवर चौकट आईचा पासवर्ड मागायची, अपडेटनंतर ती चिमणीचा मागू लागली होती. आई बिचारी दुसरीच्या कुलपाला आपली किल्ली लावत बसली होती. नावावर टिचकी मारून आईचं नाव निवडलं की झालं. मोठीनं निवडलं, पासवर्ड टाकला, दहा मिनिटांत प्रिंटर घरघरला आणि एका गळ्याचा नमुना बाहेर आला.

"झालं?" आई स्वयंपाकघरातून ओरडली. "गुणाची गं माझी! थांब, चहा टाकते."

पण मोठीचं लक्ष कुठं होतं? चिमणीचं खातं दीड वर्षापूर्वीचं होतं. दीड वर्ष! आणि आपल्याला कुणी सांगितलंही नाही. लहानपणी आईच्या कुशीतली जागा जशी एका रात्रीत गेली, तशीच ही गेली. आत कपबशा वाजत होत्या. मोठीनं खात्यांची यादी उघडली, चिमणीच्या नावापुढचा प्रशासकाचा, म्हणजे अॅडमिनचा, हक्क काढून टाकला आणि यादी मिटली. मग चहा प्यायली. चहा गोड लागला.

पुढच्या रविवारी दुपारी फोन वाजला. चिमणीचा होता, आणि तिनं तो स्पीकरवर ठेवला होता.

"ताई, आईसाठी मापं मोजायचा एक प्रोग्रॅम घालतेय. माझ्या खात्यातून. पण माझा पासवर्ड चूक म्हणतंय. सात वेळा टाकला."

"तूच काहीतरी चाळवलं असशील," मोठी म्हणाली.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" मागून आईचा आवाज आला. "तिनं एवढं नीट करून दिलं, तू आलीस आणि बिघडवलंस. जिचं काम तिलाच करू द्यावं!"

हे वाक्य ऐकायला मोठी जन्मभर कान देऊन बसली होती. ऐकल्यावर मात्र ते तिला गोड लागलं नाही. पलीकडे चिमणी खाली मान घालून म्हणावं तसं म्हणत होती, "माझंच चुकलं असेल. मला कुठं येतंय ताईसारखं."

मोठीनं फोन ठेवला, चपला घातल्या. वीस मिनिटांत ती आईच्या दारात होती.

"तुझं काही चुकलं नाही," ती चिमणीला म्हणाली. "मी तुझा हक्क काढून टाकला. मुद्दाम. ती चौकट आईचा पासवर्ड मागतेय, तुझा नाही."

चिमणी बघतच राहिली. "मुद्दाम? आणि मघाशी फोनवर मलाच खोटं पाडलंस?"

"मला न विचारता तुला इथं घेतलं कुणी?"

"मी," आई म्हणाली. तिच्या हातात कात्री होती, ती तिनं टेबलावर ठेवली. "तुला फोन केला की आधी सुस्कारा ऐकू येतो, मग 'आता काय केलंस आई'. ती निदान म्हणते, 'बघू या'. तिला तुझ्याएवढं येत नाही. पण मला तिच्यापुढं मूर्ख झाल्यासारखं वाटत नाही."

मोठी बसली, तिनं चिमणीच्या नावापुढं हक्क पुन्हा चढवला, आणि तिला खुर्ची दिली. चिमणीनं पासवर्ड टाकला, या वेळी मशीननं घेतला. पण तिनं आभार मानले नाहीत, पर्स उचलून ती निघून गेली.

महिनाभर दोघींत बोलणं नव्हतं. एका शनिवारी चिमणीचा निरोप आला : "नवं अपडेट आलंय. मी करणार आहे. यायचं तर ये. बोलायचं नाही."

मोठी गेली. तिच्यामागं स्टुलावर बसली. चिमणीनं एका ठिकाणी चुकीचं बटण दाबलं, मोठीच्या जिभेवर शब्द आला, तो तिनं गिळला. चिमणीनं स्वतःच चूक पाहिली आणि सुधारली. तिची बोटं भराभर चालत होती, आई तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. मोठीला तो हात दिसत होता, आणि अजूनही टोचत होता.

"ताई," चिमणी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "इथं होय म्हणू का नको?"

"बघू या," मोठी म्हणाली आणि स्टूल पुढं ओढलं.